किलबार्ना कोणी जाळलं

१४ जानेवारी, मंगळवार

आज दुपारी लायब्ररीत बसून दगडाचा रंग बघत होते आणि लक्षात आलं की काहीतरी चुकतंय.

आगीत सापडलेला चुनखडीचा दगड गुलाबीसर होतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खिडकीवरचं लाकूड कोळसा होतं. नागपूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला हे शिकवलेलं. किलबार्ना हाऊसचे सहाशे फोटो मी गेल्या उन्हाळ्यात इथून, अमेरिकेतून, आयर्लंडला जाऊन स्वतः काढले. रॉसकॉमन परगण्यातली जमीनदार कॅप्टन हॅकेटची ही हवेली आयरिश यादवी युद्धात बंडखोरांनी १९२३च्या फेब्रुवारीत जाळली, असं तिच्याबद्दल लिहिलेल्या प्रत्येक ओळीत आहे. माझ्या थिसिसचा तिसरा चॅप्टर तर त्या आगीवरच उभा आहे.

फोटो मोठे करून बघितले. दगड राखाडी. वरच्या मजल्यावरची लाकडी तुळई धडधाकट, तिच्यावरचे तासणीचे घावसुद्धा मोजता येतात. तिथे अकरा दिवस होते मी. छप्पर नाही, सगळीकडे वेल माजले होते हे खरं, पण खरं तर मी आग शोधायला गेले होते आणि मला आग दिसली.

माझे गाइड प्रोफेसर व्हेलन यांना मेल लिहायला घेतली. दोन ओळी लिहून पुसल्या. चॅप्टर फेब्रुवारीअखेर द्यायचाय.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याने, शार्दूलने, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलमधल्या अपार्टमेंटचे फोटो पाठवलेत. "ही तुझी स्टडी." मी लिहिलं, छान आहे, खिडकी उत्तरेला आहे.

१८ जानेवारी, शनिवार

इथून जवळच साउथ अँबॉय गावात नोरीन गेरिटींकडे. ऑक्टोबरपासून दर शनिवारी जातेय. बाई शहाऐंशी वर्षांच्या, निवृत्त शाळामास्तरीण, एकट्या राहतात. त्यांचे वडील मार्टिन गेरिटी सुतार होते. किलबार्ना जाळणाऱ्यांत तेही होते आणि त्यानंतर दोन महिन्यांत पळून अमेरिकेला आले, अशी घरातली गोष्ट. गावातल्या लायब्ररीत मी या घरावर बोलले होते तेव्हा नोरीनबाई काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, ते माझ्या वडिलांनी जाळलं. त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्यांना आता कडेकडेनेच दिसतं, नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. म्हणून वडिलांच्या ट्रंकेतले कागद मी मोठ्याने वाचते आणि टाइप करून घेते. जहाजाचं तिकीट, युनियनचं कार्ड, सुतारकामाच्या मापांच्या वह्या असं सगळं झालं. उरलाय बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात बाईंच्या आत्याची, म्हणजे मार्टिनची बहीण डीलिया हिची पत्रं आहेत. ती आयर्लंडमध्येच राहिली. डब्याचा विषय निघाला की बाई म्हणतात, "ते नंतर."

तुम्ही कधी वाचली नाहीत का, असं आज विचारलं. म्हणाल्या, "डोळे होते तेव्हा वेळ नव्हता. आता वेळ आहे, तर डोळे नाहीत." मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

नवी बातमी म्हणजे, तिथलं आयरिश मंडळ त्यांच्या हॉलमध्ये मार्टिन गेरिटींच्या नावाची पितळी पाटी लावणार आहे. कार्यक्रम ८ मार्चला. मंडळाचे सेक्रेटरी फ्रँक यांना पाटीचा मजकूर आणि दहा मिनिटांचं भाषण माझ्याकडून हवंय. मी हो म्हटलं. दगडाच्या रंगाबद्दल बोलले नाही.

२७ जानेवारी, सोमवार

चॅप्टर उघडते, तीन वाक्यं लिहिते, उठते, चहा करते, पुन्हा बसते. दिवसभर हेच.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "काहून गं, पडकी घरं इकडे काय कमी आहेत? परक्यांचं पडकं घर कशाला धरून बसलीस?" नेहमीसारखं उत्तर दिलं की परक्या घरात आपण जास्त नीट बघतो. फोन ठेवल्यावर वाटलं, आता हे म्हणायचा मला काय अधिकार आहे?

पाटीचा मजकूर फ्रँकना पाठवून दिला. "मार्टिन गेरिटी, १९०१–१९७१, ज्यांनी किलबार्ना हाऊस जाळलं." सगळ्यांच्याच पुस्तकात तसं आहे. दगडाचा रंग हा काही पुरावा नव्हे. पावसाने धुतला असेल.

शंभर वर्षांच्या पावसाने लाकडाचा कोळसा धुऊन परत लाकूड होतं का, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

नोरीनबाईंना सर्दी. गेले नाही.

१४ तारखेच्या वीकेंडला शार्दूलकडे जायचं ठरलं होतं. तिकीट कॅन्सल केलं. चॅप्टरचं कारण सांगितलं आणि ते खरंच आहे. तो म्हणाला, ओके, कामं आधी. लग्नाचा हॉल डिसेंबरचा की जानेवारीचा, ते त्याच्या आईला कळवायचंय. रविवारी सांगते म्हटलं.

माझी रूममेट सावनी गेले दोन आठवडे भांडी घासता घासता काहीतरी बोलायला येते आणि गप्प बसते. आज म्हणाली, "यार ज्ञानदा, तिकीट कॅन्सल केल्यावर तू गाणं म्हणत होतीस." मला आठवत नाही. तिचं हे लक्ष ठेवणं मला अजिबात आवडत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहू की नको कळत नाही. पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार?

बाईंनी आज डबा स्वतःहून पुढे केला. "वरचं आधी," म्हणाल्या. वरचं पाकीट जून १९२३चं होतं. मी मोठ्याने वाचायला लागले. आई बरी आहे, गाय व्यायलीय, दलदलीतून पीट, म्हणजे जळणाची माती, काढायला यंदा माणूस नाही. पान उलटलं. पुढचं डोळ्यांनी आधी वाचलं आणि जीभ थांबली. टाइप मात्र जसंच्या तसं केलं, ते इथे उतरवते:

"मार्टिन, डब्यांत पेट्रोलऐवजी पाणी होतं हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. डबे आणायचं काम तुझं होतं, असं तुमच्यातल्याच पॅट्सीने शपथेवर सांगितलं. पेटले ते पडदे आणि एक कोच. हॅकेटच्या नोकरांनी तेही बादल्यांनी विझवलं. चर्चच्या आवारात माझ्याशी कोणी बोलत नाही. आपल्या दारावर डांबराने एक शब्द लिहिलाय. तो मी इथे लिहिणार नाही. तू असं का केलंस ते मला सांगू नकोस, मला कळलं तर मीही सामील ठरेन. आई म्हणते, त्याला परत बोलावू नकोस. मी बोलवत नाही."

समोर बाई बसलेल्या, हात मांडीवर, तोंड थोडं वळवलेलं, कारण त्यांना कडेने दिसतं. मागच्या भिंतीवर मार्टिनचा फोटो. महिनाभरात त्यांच्या बापाची पाटी लागायचीय.

वाचताना मी ते सगळं गाळलं. त्या जागी गायीला कालवड झाली आणि तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, असं मनाचं वाचलं. आवाजसुद्धा हलला नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय.

"इतकंच?" त्यांनी विचारलं.

"इतकंच."

"बरं," म्हणाल्या. पत्र मागून घेतलं आणि बराच वेळ नुसतं हातात धरून बसल्या. त्यांना ते आवडलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार

म्हणजे घर जळलंच नाही, दगड खरं बोलत होते. मला आनंद व्हायला हवा. संशोधकाला असा कागद जन्मात एकदा मिळतो. आणि तो मी लपवलाय.

स्वतःची बाजू मांडून बघते. बाई शहाऐंशीच्या आहेत. आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट जपली, शाळेत पोरांना सांगितली. एका मुलीने येऊन ती हिसकावून घ्यायची, कशासाठी, तर चॅप्टर तीनसाठी? नको. त्यांच्या हयातीत तरी नको.

मांडून झालं. तरी स्वस्थता नाही. सकाळपासून दोनदा कपडे धुतले, फ्रीज साफ केला, रॅरिटन नदीच्या काठाने चालून आले. बर्फ अर्धवट वितळून नुसता चिखल झालाय.

शार्दूलला रविवारी सांगते म्हटलं होतं. राहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

व्हेलनना भेटले. त्यांनी चॅप्टरच्या पहिल्या अर्ध्या भागाची स्तुती केली, विशेषतः आगीच्या वर्णनाची. म्हणाले, तू तिथे उभी होतीस असं वाटतं. मी थँक यू म्हटलं. बाहेर पार्किंगमध्ये गाडीत वीस मिनिटं नुसती बसून होते. कुठे जायचं तेच ठरेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या शनिवारी पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. आज जावंच लागलं.

चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "ते जूनचं पत्र परत वाच."

मी म्हटलं, पुढचं वाचू या का? "नाही. तेच."

वाचायला घेतलं. पान उलटलं आणि लक्षात आलं की मागच्या वेळी मनाचं काय वाचलं होतं ते नीट आठवत नाही. गाय होती एवढं आठवलं. अंदाजाने वाचलं, वासरू अशक्त होतं, आठवड्याभरात गेलं, आईला फार लागलं.

"गेल्या वेळी ते जगलं होतं," बाई म्हणाल्या. "कपाळावर ठिपका होता."

मग त्यांनी डोळे मिटले आणि त्या पत्र म्हणायला लागल्या. मार्टिन, डब्यांत पेट्रोलऐवजी पाणी होतं, इथपासून मी बोलवत नाही, इथपर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या हातात कागद होता, मी ताडून बघत होते.

त्यांना ते चोपन्न वर्षांपासून पाठ आहे. १९७१ला वडील गेले, आठ दिवसांनी त्यांनी डबा उघडला. हे पहिलंच पत्र निघालं. वाचलं, झाकण लावलं, बाकीची उघडलीच नाहीत. आई तेव्हा हयात होती, तिला सांगितलं नाही. शाळेत, मंडळात, चर्चमध्ये, कोणालाच नाही. कोणी वडिलांचा विषय काढला की तीच जुनी गोष्ट सांगत राहिल्या. दर वेळी ती जरा जास्त रंगवून सांगायच्या.

मी कसंबसं म्हटलं की तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. "म्हणून तर गाय आणलीस. पण मला गाय नको होती. एकदा, मी मरायच्या आत, ते दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात या खोलीत ऐकायचं होतं. म्हणून तुला बोलावलं होतं. चार महिने तुझी पारख केली. आणि तूही तेच केलंस जे मी करत आले."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी केकचा तुकडा कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवला.

निघताना मी दारातून परत आले. कोट काढला, बसले आणि पत्र पहिल्यापासून वाचलं, सगळं. डांबराच्या ओळीवर माझा आवाज फुटला. त्या ऐकत होत्या, हात मांडीवर, तोंड किंचित वळवलेलं. वाचून संपल्यावर म्हणाल्या, "पण का? जाळायला गेलेला माणूस डब्यात पाणी का भरेल?"

डब्यातली बाकीची पत्रं पुढच्या शनिवारी वाचायची ठरली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

व्हेलनना सगळं सांगितलं. फोटो, पत्र, आणि मी काय केलं तेही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चॅप्टर आता पहिल्यापासून, म्हणाले, आणि मेमधला थिसिसचा डिफेन्स विसर, वर्षभर तरी पुढे गेलं. मग विचारलं की घर आगीत गेलं नाही, तर त्याचं छप्पर कुठे गेलं? तिथूनच सुरू कर.

वर्ष वाया गेलं, असं सावनीला सांगत होते. ती म्हणाली, मग तुझा चेहरा तसा का दिसत नाहीये? कसा दिसत होता, ते तिने सांगितलं नाही.

शार्दूलला डिफेन्सचं कळवलं. "मग लग्न?" एवढाच मेसेज आला. बरोबरच आहे त्याचं. नीट बसून उत्तर लिहायला हवं.

१ मार्च, शनिवार

बाई आणि मी आज सकाळी दहापासून पत्रं वाचत होतो, जेवायलासुद्धा उठलो नाही. त्या जूनच्या पत्रानंतर डीलियाने दर ख्रिसमसला एक पत्र लिहिलंय. तिने लग्न केलं नाही. आधी दहा वर्षं पत्रांत नुसती हवा आणि गुरं. १९३०च्या दशकात कोणीतरी तिच्याशी पुन्हा बोलायला लागलं.

आणि मग १९५४. बाईंनी हे तीनदा वाचायला लावलं:

"किलबार्ना रिकामं पडलं होतं. छप्पर असलेल्या घरावर कर बसतो, म्हणून हॅकेटच्या पुतण्याने या उन्हाळ्यात छप्परच उतरवलं. कौलं, वासे, दारं, सगळं गेलं. मोठ्या दालनातल्या जमिनीच्या ओकच्या फळ्या फादरांनी आपल्या नव्या हॉलसाठी मागून आणल्या. मी उचलताना बघायला गेले. एका फळीच्या पाठीवर तुझं नाव होतं, खाली १९१९. तू अठरा वर्षांचा होतास, तुझ्या मिस्त्रीबरोबर सबंध हिवाळा तिथे गुडघ्यांवर फळ्या बसवत असायचास. घरी आलास की आई तुझ्या गुडघ्यांना एरंडेल चोळायची. मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज उरली नाही. गेल्या रविवारी हॉलमध्ये पहिला नाच झाला. तुझ्या फळ्यांवर सगळ्यांत जास्त पॅट्सी नाचला."

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी स्वतःच्या घराच्या मधल्या खोलीच्या लाकडी जमिनीवर काठी आपटली. "हीसुद्धा वडिलांनीच घातलेली. मी सात वर्षांची होते. एकाही फळीला खिळा दिसू दिला नाही."

मी तिथल्या तिथे खाली बसून जमीन बघितली. खरंच दिसत नाही.

५ मार्च, बुधवार

फ्रँकना भेटायला बाईंबरोबर गेले. पाटी तयार होऊन आली होती, चकचकीत. बाईंनी पत्राचं सांगितलं. फ्रँकनी अदबीने ऐकलं आणि अदबीनेच म्हणाले की लोक एका शूर माणसासाठी येतायत, साठ जणांनी नावं दिलीत. नुसतं भाषण त्रोटक करता येईल, पत्र मग कधीतरी वाचू.

"पाटी लावू नका," बाई म्हणाल्या. "पण लोकांना येऊ द्या. ही मुलगी पत्रं वाचेल."

फ्रँकनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी नाही म्हणेन अशी त्यांना आशा होती. पाटीचा मजकूर मी लिहिला होता, ते खोटं आहे असा संशय असताना लिहिला होता, हे त्यांना सांगितलं. चेहरा गोरामोरा झाला बिचाऱ्यांचा.

८ मार्च, शनिवार

झालं.

हॉलमध्ये सँडविच, हिरवे कागदी टेबलक्लॉथ, खूपशी पांढरी डोकी. भिंतीवर पाटीसाठी पाडलेली चार भोकं तशीच होती. फ्रँकनी माझी ओळख करून दिली आणि मागे जाऊन उभे राहिले.

मी भाषण केलं नाही. दोन्ही पत्रं वाचली, आधी १९२३चं, मग १९५४चं. पाण्याच्या ओळीवर खुर्च्या सरकल्या. एक उंच म्हातारे गृहस्थ उठले, टोपी घातली आणि बायकोला न घेताच बाहेर गेले. ती बसून राहिली. दुसऱ्या पत्रात पॅट्सी नाचला तिथे कोणीतरी मागून मोठ्याने हसलं आणि मग एकदम गप्प झालं. टाळ्या वाजल्या नाहीत. त्यांना कळेना, वाजवायच्या की नाही.

नोरीनबाई उठल्या. काठीशिवाय उभ्या राहिल्या, मी धरायला गेले तर हाताने थांबवलं. म्हणाल्या, "माझे वडील जाळायला गेले होते. त्यांना जमलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं ते सगळ्यांना सांगत राहिले की जमलं. मला ते जाळणारे म्हणून आवडायचे. आता जास्त आवडतात." आणि बसल्या.

लोक पांगले. थोडेच जवळ आले. बाहेर गेलेल्या गृहस्थांच्या बायकोने बाईंचा हात हातात घेतला, थोपटला आणि सोडला. फ्रँक पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवत होते. मला म्हणाले की त्यांना वाईट वाटतंय, पण कशाचं ते सांगता येत नाहीये. मी म्हटलं, मलाही.

बाईंना घरी सोडलं. "थकलेय," म्हणाल्या आणि खुर्चीतच झोपल्या. मी पांघरूण घालून दार ओढून घेतलं.

गाडी घराकडे वळवली नाही, समुद्राच्या बाजूला नेऊन थांबवली. चार वाजले होते, बॉथेलला एक. शार्दूलला फोन लावला. आधी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, मला बॉथेलला यायचं नाहीये. डिफेन्समुळे नाही, चॅप्टरमुळे नाही. डिसेंबरही नको आणि जानेवारीही नको. तुझ्यात काही वाईट नाही, मी दोन महिने नुसती कारणं वाचून दाखवत होते.

तो म्हणाला, "तिकीट कॅन्सल केलंस तेव्हाच वाटलं होतं. म्हटलं, तू सांगशील तोपर्यंत थांबू."

मी रडले. तोही थोडा रडला असावा, कारण मध्येच म्यूट झाला. भांडलो नाही. त्याच्या आईला तो सांगेल, माझ्या आईला मी.

शेवटी त्याने विचारलं, आज दिवसभर कुठे होतीस? मी त्याला सगळं सांगितलं, डबे, पाणी, फळ्या, पॅट्सी. अर्धा तास तरी बोलत असेन. दोन वर्षांत त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं 'काम आहे' म्हणायचे.

"त्या घराचं नाव काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"किलबार्ना," मी म्हटलं, आणि त्याला स्पेलिंग सांगितलं.